शिकाऊ प्लंबरने काम कुठे शोधावं आणि रोज (दिवसाची मजुरी) किती मागावा?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय वीस, दीड वर्षं एका मिस्त्रीच्या हाताखाली आहेस. तो जाण्यायेण्याच्या खर्चापेक्षा जरासे जास्त पैसे हातावर टेकवतो आणि वाढवून मागितले की “तू अजून शिकतोयस” म्हणतो. दुसरीकडे विचारायला गेलास तर “एकट्याने काय काय केलंयस?” असं विचारतात, आणि तिथे तुला नीट उत्तर देता येत नाही. म्हणून काम कुठे शोधू आणि किती मागू, हे तुला हवंय. वयाने बराच लहान आहेस, म्हणून अरे-तुरे करतो.

मी या धंद्यात आधी हेल्पर होतो, मग मिस्त्री झालो, आता स्वतः कामं घेतो आणि हाताखाली मुलं ठेवतो. त्यामुळे पैसे मागणारा काय विचार करतो आणि देणारा काय हिशेब करतो, हे दोन्ही मला ठाऊक आहे. माझ्या मते तुझी खरी अडचण त्या न दिलेल्या उत्तरात आहे. तुला काय येतं हे तुला नेमकं सांगता येत नाही, आणि तुझ्या मिस्त्रीला ते सांगायची घाई नाही, कारण त्याचं त्यावाचून काही अडत नाही. हे असंच मोघम राहिलं तर तू जिथे जाशील तिथे तुला पुन्हा पहिल्या पायरीवर उभं करतील. चांगलं काम मिळणं आणि त्याचे रास्त पैसे मिळणं, दोन्ही गोष्टी या एका उत्तरावर अवलंबून आहेत.

थेट आकडा मी सांगणार नाही, कारण तो बऱ्याच गोष्टींवर ठरतो. नव्या इमारतींची पाइपलाइन, जुन्या घरांची दुरुस्ती आणि मोठ्या इमारतींची देखभाल या तिन्हींचे दर वेगळे असतात. रोजावर काम आहे, महिन्यावर आहे की पॉइंटवर, म्हणजे नळाच्या किंवा निचऱ्याच्या प्रत्येक जोडणीमागे ठरलेल्या दराने, अंगावर घेतलंय, यानेही फरक पडतो. गॅसच्या लाइनला बहुतेक ठिकाणी वेगळा परवाना लागतो आणि तो नसताना हात लावणं गुन्हा ठरू शकतो. शिवाय किमान वेतनाचा कायदा जिथे आहे, तिथे त्याच्या खालचा कुठलाही आकडा चर्चेचा विषयच होऊ शकत नाही. तुझ्या भागातला शिकाऊ कामगारांचा नियम कामगार कार्यालयात विचारून घे, कागदावर लिहून घे. त्यानंतर मी सांगतो ते प्रमाण लावून बघ.

आता देणाऱ्याचा हिशेब. नवीन मुलगा पहिल्या काही महिन्यांत मालकाला खर्चातच टाकतो. तो पाइप चुकीच्या मापाने कापतो, फिटिंग वाया घालवतो, आणि त्याला दाखवण्यात मिस्त्रीचा वेळ जातो. हे खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. पण ही अवस्था फार टिकत नाही. मुलगा सामान मोजून आणायला लागला, भिंतीत झिरी (पाइप बसवायची खाच) मारायला लागला, मिस्त्री जोडणी करत असताना पुढचे तुकडे कापून तयार ठेवायला लागला, की मिस्त्रीचं दिवसाचं काम वाढतं. त्या वाढलेल्या कामाचे पैसे गिऱ्हाइकाकडून येतात. “तू अजून शिकतोयस” हे वाक्य तेव्हाही खरंच असतं, मीही अजून शिकतोय. पण शिकत असणं हे कमी पैसे द्यायचं कारण तोवरच चालतं, जोवर तुझ्या शिकण्याचा खर्च तुझ्या कामातून निघत नाही. दीड वर्षानंतर तो निघत नसेल तर एक तर तुला नीट शिकवलेलं नाही, किंवा तुझ्याकडून फक्त ओझी वाहून घेतली आहेत. दोन्हींत दोष तुझा नाही.

तू नेमका कुठे आहेस हे ओळखायला मी एकच गोष्ट बघतो: मिस्त्रीने मागून तपासलं नाही तरी चालेल, असं तुझं कोणतं काम आहे? “मला सगळं येतं” म्हणणाऱ्या मुलांना मी कामावर घेताना फारसं विचारत नाही, पाइपचा एक तुकडा आणि एक एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, हातात देतो. सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिक पाइपचा, साधा जोड. काप काटकोनात आहे का, ते आधी दिसतं. मग तो कडेची कूस, म्हणजे कापताना राहिलेले बारीक कंगोरे, काढतो का, आतून आणि बाहेरून. कूस राहिली की ती सॉकेटमधलं (फिटिंगच्या तोंडातलं) सोल्यूशन, म्हणजे पाइप चिकटवायचा द्रव, खरवडून पुढे ढकलते आणि तो जोड पुढे कधीतरी गळतो. सोल्यूशन लावायच्या आधी पाइप कोरडाच घालून बघतो का? तो सॉकेटमध्ये साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जाऊन घट्ट व्हायला हवा. आत किती जाणार याची खूण करतो का? सोल्यूशन लावल्यावर पाव वळसा देऊन काही सेकंद दाबून धरतो, की घातला आणि सोडला? सोडलेला पाइप हळूच मागे सरकतो. ही सगळी तपासणी काही मिनिटांत होते, आणि त्याच्या मिस्त्रीने त्याला शिकवलंय की फक्त राबवलंय, हे मला तिथेच कळतं.

पुढची पायरी प्रेशर टेस्टची, म्हणजे लाइन गळते का ते दाब देऊन बघायची. लाइनमधली हवा काढून पाणी भरायचं, पंपाने साधारण कामाच्या दाबाच्या दीडपट दाब चढवायचा, गेज बघायचा. प्लास्टिकच्या पाइपला दाब दिला की तो किंचित फुगतो, त्यामुळे काटा सुरुवातीला थोडा उतरतो. नवखा घाबरून सगळे जोड चाचपायला लागतो. शिकलेला मुलगा पुन्हा दाब चढवतो, थांबतो आणि मग काटा उतरतोय का ते बघतो. पुन्हा उतरला तर गळती आहे, आणि ती शोधायला तो सगळी लाइन न उकरता व्हॉल्व्ह बंद करून एकेक भाग वेगळा पाडतो. जो मुलगा टेस्ट स्वतः लावतो, वाचतो आणि तिचा निकाल मला निर्धास्तपणे सांगतो, त्याला मी हेल्परचा रोज देऊ शकत नाही. दिला तर तो माझ्याकडून होणारा अन्याय आहे.

ड्रेनेजचंही तसंच. मीटरला अडीच सेंटिमीटर उतार, म्हणजे चाळिसात एक, हे पाठ असणं सोपं आहे. पण तो उतार सबंध लाइनभर लेव्हलने राखणं, मध्ये पोट पडू न देणं (लाइन खाली झुकू न देणं), आणि ट्रॅपमध्ये (निचऱ्याच्या पाइपच्या वाकड्या भागात) निदान ५० मिलिमीटर पाणी का उभं राहायला हवं हे समजून बसवणं, हे कसब आहे. ते पाणी सुकलं किंवा खेचलं गेलं की गटाराचा वायू घरात येतो. हे “का” तुला सांगता येत असेल, तर नव्या मालकासमोर तुझी बाजू भक्कम आहे.

म्हणून आजपासून एक वही घाल. रोज तीन गोष्टी लिही: काम काय होतं, त्यातलं तू एकट्याने काय केलंस, आणि ते कसं तपासलं गेलं. “बाथरूमची लाइन” एवढं लिहून भागणार नाही. “गरम-थंड लाइन, डायव्हर्टरपासून (पाणी नळाला की शॉवरला हे ठरवणाऱ्या व्हॉल्व्हपासून) शॉवरपर्यंत मी जोडली, टेस्टला काटा हलला नाही” असं लिही. झिरी बुजवायच्या आधी लाइनचा फोटो काढ, शेजारी टेप धरून. प्लास्टर झाल्यावर तुझं काम कुणालाच दिसणार नाही, मग पुरावा तो फोटोच. फोटो घेताना घरमालकाची परवानगी घे आणि घराची ओळख पटेल असं काही त्यात येऊ देऊ नकोस. दोन-तीन महिन्यांची अशी वही असली की “एकट्याने काय केलंयस?” या प्रश्नाला तू वही पुढे करशील. शिवाय कोणत्या कामाला तुझा हात अजून लागलेलाच नाही, हेही तुला त्यात दिसेल, आणि पुढचं काम निवडताना तेच बघायचं.

आता पैशांचं प्रमाण. तुझ्या भागात पूर्ण तयार मिस्त्रीचा रोज किती, हे तीन-चार वेगवेगळ्या लोकांना विचारून काढ. तो पाया धर. माझ्याकडे नवा मुलगा साधारण त्याच्या चाळीस टक्क्यांवर सुरू होतो. माप घेऊन, सामानाची यादी काढून, मिस्त्रीच्या नजरेखाली लाइन जोडायला लागला की निम्म्यापर्यंत येतो. लाइन एकट्याने टाकून टेस्टला उतरवली की साठ ते पासष्ट टक्के. कमोड, बेसिन, फ्लश टँक, गीझरची जोडणी एकट्याने करून गिऱ्हाइकाशी नीट बोलायला लागला, आणि त्याच्या कामाच्या तक्रारी येईनाशा झाल्या, की ऐंशीच्या पुढे. हे माझं प्रमाण आहे, दुसरा कुणी थोडं वरखाली धरेल. महत्त्वाचं हे की वाढ कामाच्या पायरीशी बांधलेली असावी आणि पायऱ्या पहिल्याच दिवशी ठरलेल्या असाव्यात. “पुढे बघू” ही पायरी नव्हे.

हे माझ्या एकट्याच्या डोक्यातलं खूळ नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०२३मध्ये शिकाऊ उमेदवारीबद्दल २०८ क्रमांकाची शिफारस मंजूर केली. उमेदवाराला पुरेसा मोबदला मिळावा, कौशल्य वाढेल तसा तो टप्प्याटप्प्याने वाढवता यावा, आजारपणात आणि अपघातात संरक्षण असावं, आणि हे सगळं लेखी करारात असावं, असं ती सांगते. शिफारस म्हणजे कायदा नाही, ती दाखवून तुला कुणी पैसे देणार नाही. पण आपण मागतोय ते जगाच्या रीतीला धरून आहे, एवढी खात्री मनात असली की मागताना आवाज खाली जात नाही. आणि घाईही नको. जर्मनीत या धंद्याची उमेदवारी साडेतीन वर्षांची असते, अमेरिकेत चार-पाच वर्षांची. दीड वर्षात तू पूर्ण मिस्त्रीचा रोज मागितलास तर समोरचा हसेल, आणि त्याचं फार चूक नसेल. निम्मा मागितलास, हातात वही असली, तर त्याला विचार करावा लागेल.

रोज ठरवताना नुसता आकडा ऐकून हुरळून जाऊ नकोस, त्यातून काय काय कापलं जातं ते विचार. जास्त रोज देणारा मालक पाइप पान्हा, हॅक्सॉ, ड्रिलचे बिट तुझ्या पैशांनी घ्यायला लावत असेल, सामान आलं नाही म्हणून बसून राहिलेल्या दिवसाचा खाडा धरत असेल, संध्याकाळी गाडी रिकामी करायचे दोन तास मोजतच नसेल, तर तो रोज दिसतो त्यापेक्षा बराच कमी आहे. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचे तास मोज, महिन्याभरात खरोखर हातात आलेली रक्कम त्यांनी भाग. दोन ठिकाणांची तुलना या आकड्यावर कर. हाताची साधी हत्यारं हळूहळू स्वतःची असावीत, हे मला पटतं, पुढे ती तुझीच राहतात. महागडी यंत्रं आणि खर्ची पडणारं सामान मात्र मालकाचं. फुटलेल्या फिटिंगचे पैसे तुझ्या रोजातून कापणं मी रास्त मानत नाही, शिकाऊ माणसाची नासधूस हा शिकवणाऱ्याने आधीच धरायचा खर्च आहे. आणि उचल घ्यायची वेळ आली तर ती लहान घे, लिहून घे, लवकर फेड. मोठी उचल घेतलेला मुलगा वाईट मालकालाही सोडू शकत नाही.

एक गोष्ट मात्र पैशांच्या पलीकडची आहे आणि ती मी कळकळीने सांगतो. चेंबर, मॅनहोल किंवा सेप्टिक टाकीत उतरायला कुणी सांगितलं तर उतरू नकोस. हवा तपासणारं यंत्र, हवा खेळती ठेवायची सोय, दोर आणि वर उभी प्रशिक्षित माणसं नसताना ते काम तुझं नाहीच. तिथल्या हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. माणूस तिथेच कोसळतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो तोही. खोल चराचंही असंच. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते, छातीपर्यंत ढासळली तरी श्वास घेता येत नाही. कडेला आधार नसलेल्या खोल चरात पाइप टाकायला वाकू नकोस. “एवढ्यासाठी जास्त देतो” असं म्हणून मालक तुला पटवायला लागला, तर त्याच्याकडे काम न करण्याचं तेच पुरेसं कारण समज.

आता काम कुठे शोधायचं. सगळे तरुण थेट ठेकेदारांकडे जातात आणि “काही काम आहे का?” विचारतात. या प्रश्नाला “नाही” हे सगळ्यात सोपं उत्तर असतं. त्यापेक्षा प्लंबिंगचं सामान विकणाऱ्याच्या काउंटरवर ओळख वाढव. कोणता मिस्त्री वेळेवर पैसे चुकते करतो, कोण उधारीत बुडालाय, कुणाला सध्या माणूस हवाय, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. सामानाचे पैसे थकवणारा ठेकेदार तुझा रोजही थकवणार, हे धरून चाल. त्याखालोखाल विचारायची माणसं म्हणजे टाइल्स बसवणारे, गवंडी आणि वायरमन. प्लंबरने लाइन खराब टाकली की पहिला त्रास टाइलवाल्याला होतो, त्यामुळे चांगला प्लंबर कोण, हे तो नाव घेऊन सांगतो.

मोठी इस्पितळं, हॉटेलं, वसतिगृहं, कारखाने यांच्या देखभाल विभागाकडे तरुण मुलं फार वळत नाहीत, आणि ते मला चुकीचं वाटतं. तिथे पगार महिन्याचा असतो, खाडे कमी, आणि पंप, प्रेशर व्हॉल्व्ह, गरम पाण्याच्या फिरत्या लाइन, फायर लाइन हे सगळं एका छताखाली बघायला मिळतं. बिघाड शोधायची नजर तिथे जितकी तयार होते तितकी नव्या बांधकामावर होत नाही. उलट नव्या बांधकामावर हाताला वेग येतो. तुझी वही ज्या बाजूला रिकामी दिसेल तिकडे जा. नुसत्या पाइप टाकण्यात तुझं दीड वर्ष गेलं असेल, तर पुढचं वर्ष दुरुस्तीच्या किंवा देखभालीच्या कामावर घालव, त्यासाठी रोज थोडा कमी घ्यावा लागला तरी. एकदाच आणि ठरवून घेतलेली ही तडजोड मला मान्य आहे.

विचारायला जाशील तेव्हा असं काहीतरी बोल: “मी दीड वर्ष हेल्पर आहे. गरम-थंड लाइन एकट्याने टाकून टेस्ट केली आहे, हे फोटो आणि ही वही. ड्रेनेजला मदत केली आहे, एकट्याने नाही. दोन दिवस माझं काम बघा, त्या दोन दिवसांचा रोज द्या, मग ठरवा.” जे येत नाही ते स्वतः सांगितलंस की जे येतं म्हणतोस त्यावर विश्वास बसतो. आणि ते दोन दिवस फुकट करू नकोस. फुकट चाचणी घेणारे काही जण दर आठवड्याला नवा मुलगा चाचणीला घेतात आणि काम उरकतात.

नवीन काम शोधायच्या आधी सध्याच्या मिस्त्रीशी एकदा नीट बोल. गिऱ्हाइकासमोर नाही, कामाच्या घाईत नाही. वही दाखव आणि म्हण, “उस्ताद, ही कामं आता मी एकट्याने करतो. याचा रोज किती व्हायला हवा ते तुम्हीच सांगा. आणि पुढचं काय शिकलो की वाढेल, तेही सांगा.” रोजाचा आकडा आधी त्याला बोलू दे. बऱ्याचदा मिस्त्री कंजूस नसतो, त्याचेच पैसे वरून अडकलेले असतात आणि ते हेल्परला सांगायला त्याला संकोच वाटतो. तसं असेल तर तो पुढची तारीख देईल, ती मान्य कर आणि वहीत लिहून ठेव. तारीख उलटली आणि पुन्हा तेच उत्तर आलं, तर दुसरं काम पक्कं कर, मागची हजेरी मोजून सगळा हिशेब हातात घे आणि मगच सोडतोय असं सांग. अर्धवट उघडी लाइन टाकून निघू नकोस, हातातला पॉइंट पुरा कर. त्याची गिऱ्हाइकं फोडू नकोस. पुढच्या मालकाने चौकशीला फोन केला तर तो बहुधा याच माणसाला करेल.

सुट्टीच्या दिवशी ओळखीत नळ बदलून देणं, गळती काढणं अशी किरकोळ कामं स्वतंत्रपणे घ्यायला हरकत नाही, ती मिस्त्रीच्या गिऱ्हाइकाकडची नसली तर. पण गॅस, मुख्य लाइनची जोडणी किंवा भिंतीत बुजणारी लाइन एकट्याच्या भरवशावर घेऊ नकोस. गळली तर फरशी फोडायचा खर्च तुला झेपणार नाही.

तू नेमकी कोणती कामं एकट्याने करतोस हे प्रश्नात लिहिलेलं नाहीस. वहीची पहिली दोन-तीन पानं भरली की त्यातला मजकूर मला कळव, म्हणजे तू कोणत्या पायरीवर आहेस आणि मिस्त्रीच्या रोजाच्या किती टक्के मागायला हवेत, हे मला जास्त नेमकं सांगता येईल.